आधी फेटा, मग फॉर्म

नळानं घसा खाकरला.

दुपारचे अडीच वाजले होते. भावसिंगपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत एवढी शांतता होती, की झोपलेल्या मितूचा श्वाससुद्धा मोजता आला असता. करुणानं सकाळीच नळाखाली घागर ठेवून तोटी उघडी टाकली होती. पाणी यायच्या आधी नळातून हवा येते आणि ती घागरीच्या तोंडाशी फुसफुसते. आठ दिवसांनी येणारं पाणी आपल्याला न सांगता निघून जाऊ नये, म्हणून तिची ही युक्ती.

मांडीवरचा लॅपटॉप बाजूला सारून ती उठली. पाइप जोडला आणि ड्रममध्ये सोडला. मितूनं कूस बदलली, ओठ हलवले आणि पुन्हा झोपेत गेली. कपाळावर घामानं चिकटलेले तिचे केस करुणानं हलक्या फुंकरीनं सोडवले. "झोप गं माझी माय," ती पुटपुटली, "अजून अर्धा तास."

हा अर्धा तास तिच्या हक्काचा होता. नवरा राजकुमार पहिल्या पाळीला गेला, की चार वाजेपर्यंत येत नसे. मितूची बालवाडी, मितूची झोप, मितूचं कार्टून, यांच्या फटींतून करुणा आपली नोकरी ओढून काढायची. वेबसाइट बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत ती कामाला होती. आठवड्यातून दोन दिवस ऑफिस, बाकी घरून.

लॅपटॉपवर हिरवं वर्तुळ होतं आणि त्यात आकडा होता चौऱ्याण्णव. वेबसाइट किती चटकन उघडते, माणसाला ती वापरणं किती सोपं जातं, याला यंत्रानं दिलेले शंभरपैकी गुण. त्याखाली अभयसरांचा निरोप: 'करुणा, यावर सही करून पाठव. शनिवारी ट्रस्टला द्यायचंय.'

वेबसाइट एका ट्रस्टच्या मुलींच्या वसतिगृहाची होती. खेड्यातून शहरात शिकायला येणाऱ्या मुलींसाठी शंभर जागा. फॉर्म सोमवारी सकाळी दहाला सुरू होणार, आणि ज्यांचा आधी पोचेल त्यांना जागा. नियम असा, की मुलगी त्याच वर्षी बारावी झालेली हवी. एक वर्ष हुकलं की कायमचं हुकलं.

करुणा त्या चौऱ्याण्णवकडे बघत बसली. गेल्या वर्षीही असाच हिरवा आकडा आला होता. गेल्या वर्षी तिनं सही केली होती.

तिच्या माहेरच्या, पिशोरच्या गल्लीतली सायली गेल्या वर्षी बारावीला शाळेत दुसरी आली होती. मितू आजोळी गेली की सायलीच्या मांडीवरून उतरायची नाही. तिच्याकडूनच वेणी घालून घ्यायची, तिच्याच हातचं जेवायची. फॉर्मच्या दिवशी साडेदहाला सायलीचा फोन आला होता. "करुणाताई, नुसतं गोल गोल फिरायलंय गं. काय करू?" करुणा म्हणाली होती, "थांब, येईल." सव्वाअकराला पान उघडलं, तेव्हा त्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: सर्व जागा भरल्या. वसतिगृह नाही म्हणून बापानं शहरात धाडलं नाही. सायली आता वाळूजला एका कंपनीत बिस्किटांचे पुडे खोक्यात भरते. 'तात्पुरतं' म्हणाली होती. त्याला दहा महिने झाले.

आणि गोल गोल का फिरत होतं, ते करुणाला ठाऊक होतं. ट्रस्टचे सेक्रेटरी पुंडलिकराव यांनी संस्थापक आप्पासाहेबांचा फोटो पाठवला होता, पहिल्या पानावर सगळ्यात वर लावायला. साहेबांच्या पंचाहत्तरीला चौकात चाळीस फुटी फ्लेक्स लागला होता, त्या फ्लेक्सवाल्याकडचीच ती फाइल. फोनच्या चार बोटं रुंद काचेवर दाखवायला चौकातलं अख्खं बॅनर! करुणाला तेव्हाच ते जड वाटलं होतं. पण मितूला एकशेतीन ताप होता, ती खांद्यावर कण्हत होती. एका हातानं तिला थोपटत दुसऱ्या हातानं करुणानं ती फाइल होती तशी चढवली. नंतर बघू, म्हणाली. नंतर कधी आलंच नाही.

मितू उठून बसली. "आई, पाणी आलं?"

"आलं."

"सगळं आलं?"

करुणाला हसू आलं. मग तिनं फोन उचलला आणि पिशोरला लावला.

मनकर्णाबाईंनी, तिच्या आईनं, तिसऱ्या रिंगला घेतला. "काय गं करुणे, ह्या वक्ताला?"

"आई, बाबांचा बटणांचा फोन आणि तुझा मोठा, दोन्ही घेऊन हौदापाशी जा. छोट्यावर माझ्याशी बोल. मोठ्यावर मी एक निळी ओळ पाठवलीये, ती दाबायची आणि काय दिसतं ते सांगायचं."

"आत्ता? उन्हात? म्हसरंबी सावलीला गेलीत, माय."

"आई."

"निघाले, निघाले. लई मोठ्या सायबीण तुम्ही."

पिशोरात त्यांच्या गल्लीला रेंज येते ती जनावरांच्या हौदापाशी. कुणाला पोराची खुशाली घ्यायची असो, कुणाला कांद्याचा भाव बघायचा असो, हौदाच्या कठड्याला टेकायचं. करुणानं फोनचा आवाज मोठा केला आणि मितूला जवळ ओढलं.

"मितू, आजीनं 'दाबलं' म्हटलं, की मोजायला लागायचं. घाई नाही, आकड्यावर आकडा नाही. नीट."

मितूला बालवाडीत तीसपर्यंत शिकवलं होतं आणि त्याचा तिला फार तोरा होता. आजीनं दाबलं. मितू एक-दोन-तीन करत, प्रत्येक आकड्याला मान हलवत निघाली.

"आई, काय दिसतंय?"

"पांढरं दिसायलंय. कोऱ्या पाटीवानी."

"...अठ्ठावीस, एकोणतीस, तीस." मितू थांबली. "आई, माझे आकडे संपले."

"परत पहिल्यापासून घे, बेटा."

दुसऱ्या फेरीत नवावर आजी ओरडली, "आलं गं काहीतरी! फेटा आलाय!"

"नुसता फेटा?"

"नुसता. गुलाबी. तुरा लई झोकात हाय. थांब, कपाळ यायलंय... व्हय, भुवया आल्या. डोळे अजून यायचेत."

फोटो वरून खाली इंच इंच उतरत होता आणि आजी त्याचं वर्णन करत होती. नाक आलं, मिशा आल्या, हार आला. मितूचे आकडे दुसऱ्यांदा संपले. तिसऱ्या फेरीत चौदावर साहेबांच्या पायाखालून 'फॉर्म भरा' हे बटण बाहेर आलं.

"मी दाबते त्याला," आजी म्हणाली. "दाबलं. कायबी व्हईना. अजून दाबू?"

"नको. ठेव आता."

"मेली एवढी खटपट, आन् निघालं काय तर फेटेवाला बाबा," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

करुणानं वहीत लिहिलं. चौऱ्याहत्तर सेकंद. त्याच्या बाजूला लिहिलं: बटण दाबल्यावर गेलं की नाही, कळत नाही. मग ती मितूच्या केसांत बोटं घालून बराच वेळ बसून राहिली. ड्रम भरून वाहायला लागला तेव्हा कुठं उठली.

शुक्रवारी ती ऑफिसात गेली आणि सरळ अभयसरांच्या टेबलाशी उभी राहिली. अभय वाईट माणूस नव्हता. पस्तिशीचा, कर्ज काढून चार टेबलांचं ऑफिस थाटलेला, कायम घाईत. चिडला की तो 'करुणा'च्या पुढं 'मॅडम' लावायचा.

"सही राहिली तुझी," तो म्हणाला.

"हा आकडा खोटा आहे, सर."

"यंत्रानं दिलाय. यंत्र कशाला खोटं बोलेल?"

"यंत्र नाही, आपण. आपल्या लॅपटॉपनं ते पान पाचशेदा उघडलंय. फोटो त्याच्या पोटातच साठलेला आहे, त्याला काही आणावंच लागत नाही. वर हे ऑफिसचं वायफाय. पिशोरात चौऱ्याहत्तर सेकंद लागले."

"पिशोर म्हणजे काय सगळं जग आहे का, करुणा मॅडम?"

"फॉर्म कोण भरणार आहे, सर? आपलं ऑफिस?"

अभयनं खुर्ची मागं ढकलली. "हे बघ. उपाय तुलाही माहितीये, मलाही माहितीये. फोटो बारीक करायचा, खाली न्यायचा, फॉर्म वर घ्यायचा. तासाभराचं काम. पण पुंडलिकराव ऐकणार नाहीत. मागं एका पत्रिकेत साहेबांच्या वर अध्यक्षांचं नाव छापलं, तर त्या छापखान्याचं काम बंद केलं त्यांनी. आणि त्यांच्या कॉलेजची पुढची सगळी कामं आपल्याला मिळायचीत."

"मग मी समजावते त्यांना."

"समजाव. पण सही घेऊन ये."

शनिवारी राजकुमारला जादा पाळी लागली. शेजारच्या काकू गावाला. म्हणून सिडकोतल्या ट्रस्टच्या ऑफिसात करुणा गेली ती मितूचं बोट धरून, दुसऱ्या हातात फाइल. अभय आधीच येऊन बसला होता. मितूला बघून त्यानं डोळे मिटले, जणू हे काही आपण पाहिलंच नाही.

पुंडलिकराव पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले, बोलायला गोड गृहस्थ. त्यांनी मितूला गोळी दिली, करुणाला चहा. त्यांच्या डोक्यावर भिंतभर साहेबांचा तोच फोटो होता.

"बोला ताई. रिपोर्ट चांगला आलाय म्हणे."

करुणानं सगळं सांगितलं. यंत्राचा हिरवा आकडा का फसवतो, हौदापाशी किती वेळ लागतो. फोटो अगदी असाच दिसेल, फक्त त्याचं वजन कमी होईल, हेही सांगितलं. फॉर्म मात्र वर आणि फोटो त्याच्या खाली घ्यावा लागेल.

"साहेबांच्या आधी फॉर्म?" पुंडलिकरावांनी कप खाली ठेवला.

"फोनवर. फक्त फोनवर."

"ताई, घरात पाऊल टाकलं की आधी कर्त्या माणसाला राम राम करतो आपण, मग बाकीचं. ही रीत आहे."

"उंबऱ्याच्या बाहेरच मुली ताटकळल्या, तर राम राम करणार कोण?"

अभयला ठसका लागला. पुंडलिकराव हसले, पण ते हसू दातांपुरतंच होतं. "तिकडची रेंजच तशी असते, त्याला संस्था काय करणार?"

"मुली पण तिकडच्याच आहेत."

एवढ्यात मितूनं तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली आणि भिंतीकडं बोट केलं. "आई, हेच का गं ते फेटेवाले आजोबा?"

"मितू, गप."

"हे लई उशिरा येतात," मितूनं पुंडलिकरावांना माहिती दिली. "माझे सगळे आकडे संपले, तरी ह्यांचे डोळे नाय आले."

बाहेर रिक्षावाला कुणावर तरी डाफरत होता, तेवढंच ऐकू येत होतं.

"फोटो जिथं आहे तिथंच राहील," पुंडलिकराव म्हणाले. त्यांचा गोडवा आता आटला होता. "अभयराव, सहीचा कागद."

अभयनं करुणाकडं पाहिलं. तिनं फाइल उघडली आणि आपला कागद टेबलावर ठेवला. त्यावर तिनं घरीच लिहून आणलं होतं: पान उघडायला लागणारा वेळ, पिशोर, साधा फोन, चौऱ्याहत्तर सेकंद. या स्थितीत गावातल्या मुलींना फॉर्म वेळेत भरता येणार नाही. खाली तिची सही, तारखेसकट.

"सही हवी होती ना? ही घ्या."

"हा कागद मी साहेबांपुढं ठेवणार नाही."

"मग तुमच्याकडंच राहू द्या. पण दुसऱ्या कागदावर माझं नाव येणार नाही."

जिन्यात अभयनं तिला गाठलं. "झालं समाधान? घरून काम करायची सवलत मी तुला कोणत्या नियमानं देतोय, माहितीये? माझ्या नियमानं. उद्या हे काम गेलं, तर मला चारपैकी दोन टेबलं उचलावी लागतील."

"पहिलं माझं उचला, सर," करुणा म्हणाली. आवाज कापला नाही, याचं तिलाच नवल वाटलं. गेल्या वर्षी ती गप्प बसली होती, तेव्हा कुणी तिला भीती घातली नव्हती, धमकी दिली नव्हती. ती नुसतीच गप्प बसली होती. ते जास्त वाईट होतं.

रविवारी मितू बापाच्या पोटावर बसून त्याच्या मिशा ओढत होती, तेवढ्यात करुणानं पान नवं केलं. चाळीस फुटी फाइलचा तळहाताएवढा फोटो केला. साहेबांचा गुलाबी तुरासुद्धा जसाच्या तसा राहिला. फॉर्म वर घेतला. हलणारी चित्रं, भिरभिरणारी फुलं, विश्वस्तांच्या अकरा फोटोंची माळ, सगळं खालच्या बाजूला नेलं. आणि बटणाखाली एक ओळ घातली, तिची स्वतःची: 'थांब, तुझा फॉर्म जातोय.' आणि पोचल्यावर: 'पोचला. तुझा क्रमांक अमुक. आता पुन्हा दाबू नकोस.' 'आपण' आणि 'कृपया' तिनं मुद्दामच घातलं नाही. हौदाच्या कठड्याला टेकून धास्तावलेल्या पोरीशी जसं बोलावं, तसं लिहिलं.

राजकुमार येऊन पाठीमागं उभा राहिला. "नोकरी जाईल का गं?"

"जाऊ शकते."

त्यानं थोडा विचार केला. "मग उद्याचा डबा मी करतो," तो म्हणाला. "तुला सकाळी वेळ नाही मिळायचा."

सोमवारी नऊ वाजता तिनं अभयला फोन केला. "सर, मी पान बदलतेय. माझ्या नावानं."

अभय म्हणाला, "माझ्या फोनची बॅटरी संपत आलीये. मी तो चार्जिंगला लावून आंघोळीला चाललोय. मला काही ऐकू आलं नाही." आणि फोन बंद.

नऊ चाळीसला तिनं पान चढवलं. पुंडलिकरावांना लिहिलं: 'पान हलकं केलं आहे. साहेबांचा फोटो आहे, फॉर्मच्या खाली आहे. हे मी एकटीनं केलं. जबाबदारी माझी.' मग पिशोरला फोन लावला.

हौदापाशी आज जत्रा होती. मनकर्णाबाईंनी गल्लीतल्या यंदा बारावी झालेल्या सात पोरी गोळा करून आणल्या होत्या आणि कठड्यावर ओळीनं बसवल्या होत्या. मागं म्हशी हंबरत होत्या. दहाला पाच कमी असताना करुणाच्या फोनवर पुंडलिकरावांचं नाव झळकायला लागलं. तिनं ते एकदा कापलं, दोनदा कापलं. तिसऱ्यांदा फोन उशीखाली ढकलून राजकुमारच्या फोनवरून आईशी बोलणं चालू ठेवलं. डबा करता करता तो आपला फोन ठेवूनच गेला होता.

"दहा वाजले, आई. दाबा."

"दाबलं गं!"

मितू तयारच होती. "एक. दोन. तीन. चा..."

"उघडलं!" एकदम सात गळ्यांतून आलं. "आजी, उघडलं! फॉर्मच आला डायरेक्ट!"

मितू हिरमुसली. "आई, मला मोजूच दिलं नाही."

करुणानं तिला मांडीवर घेतलं आणि लॅपटॉपकडं वळली. एकेक नाव येऊन पडत होतं. पिशोर, नाचनवेल, पिशोर, घाटनांद्रा, अंधानेर, सिल्लोडजवळचं एक गाव जे तिनं कधी ऐकलंही नव्हतं. अकरा. एकोणीस. चौतीस. एवढ्या मुली एवढ्या ठिकाणी कशाकशाच्या कठड्याला टेकून उभ्या असतील, या विचारानं तिनं मितूला घट्ट धरलं.

दहा वीसला तिनं उशीखालचा फोन उचलला.

"साहेबांना खाली कुणी बसवलं?" पुंडलिकरावांनी विचारलं. ताई नाही, नमस्कार नाही.

"मी."

"परिणाम ठाऊक आहेत तुम्हाला?"

"एक ठाऊक आहे. वीस मिनिटांत अठ्ठावन्न मुली आत आल्यात. दुसरे तुम्ही सांगा."

"आत्ताच्या आत्ता सगळं होतं तसं करा."

"शंभरावी मुलगी आत आली की करते. मग चाळीस फुटी लावा, ऐंशी फुटी लावा. मी स्वतः लावून देईन. तोवर मी त्या पानाला हात लावणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला लावू देणार नाही."

पुंडलिकरावांनी फोन ठेवला.

थोड्या वेळानं अभयचा निरोप आला. 'उद्या ऑफिसला ये. बोलावं लागेल.' ती त्या ओळीकडं बघत असतानाच खाली दुसरी उमटली. 'चार सेकंद?'

'साडेतीन,' तिनं लिहिलं.

राजकुमारच्या फोनवर पिशोर अजून चालूच होतं. पोरी एकमेकींचे क्रमांक विचारत होत्या, कुणीतरी मनकर्णाबाईंना साखर वाटायला लावत होतं. मितूनं फोन ओढून कानाला लावला. "आजी, सायलीताईला दे ना. मला तिला सांगायचंय, तीनमध्येच उघडलं म्हणून."

"सायली कुठली गं इथं, माझ्या बाये," आजीचा आवाज आला. "ती वाळूजला गेली न्हवं का, कंपनीत. गेल्या साली हितंच बसली व्हती बघ, ह्याच कठड्यावर. तिला नाय उघडलं. तिचा आता नंबर नाय लागत."

मितूनं फोन खाली ठेवला. लॅपटॉपवर एकसष्टावं नाव येऊन पडलं. ती त्या नावाकडं आणि मग आईच्या हातांकडं बघत राहिली. ज्या हातांनी काल फोटो लहान केलेला तिनं पाहिला होता, त्यांच्याकडं.

"आई," ती म्हणाली, "मग गेल्या वर्षी तू असं का नाय केलं?"